शास्त्रवचन कोणाला उद्देशून?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस नेमून दिलेला विषय मोठा आहे. रामायण, महाभारत, गीता हे ग्रंथ, आणि रोजच्या जीवनास उपयोगी पडणारे त्यांतले शहाणपण. परंपरेच्या हिशेबाने एकट्या महाभारताचे लाख श्लोक, आणि हाताशी वेळ तासाभराचा. समोरच्या मंडळींपैकी पुष्कळजण पहिली पाळी संपवून, हातपाय धुऊन थेट इकडे आलेले दिसतात. काहींना थोड्या वेळाने रात्रपाळीची गाडी गाठायची असेल. तेव्हा ह्या ग्रंथांची थोरवी गाण्यात आम्ही वेळ घालवीत नाही. ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना ती नुसती ऐकून पटणारही नाही. एकच मुद्दा घ्यावा आणि तो नीट मांडावा, एवढाच आमचा बेत आहे.

ज्या भूमीवर आपण बसलो आहो तिचा थोडा विचार प्रथम करू. इथे चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. उत्तरेस चाकण, जिथला संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध पन्नासाहून अधिक दिवस लढविला. ह्याच मुलखात १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि बघता बघता आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथली ज्वारी-बाजरीची शेते जाऊन तिथे शेडी उभ्या राहिल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. गंमत अशी की, इकडे यंत्रे बसविली जात असताना तिकडे पुण्यात भांडारकर संस्थेचे पंडित देशोदेशींच्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. ते काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. दोन्ही कामे दहाबारा मैलांच्या अंतरात चालली. पण ह्यांची त्यांना आणि त्यांची ह्यांना फारशी खबर नसावी. आज ती ओळख थोडी करून द्यावी असे आमच्या मनात आहे.

कारखान्यात गीता पोचलेली नाही असे मात्र कोणी समजू नये. ती पोचली आहे, आणि बहुधा साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर जाऊन बसली आहे. कुरुक्षेत्रावरचा रथ, चार पांढरे घोडे, हात जोडलेला अर्जुन, आणि खाली कर्माचा अधिकार व फळाची आशा ह्यांविषयीचा तो प्रसिद्ध श्लोक. हे चित्र आपण पुष्कळ कचेऱ्यांतून पाहतो. दिवाळीच्या बोनसाची बोलणीही पुष्कळदा त्याच चित्राखाली चालतात. मग कोणी एखादा विनोदाने म्हणतो, अहो, भगवंतांनीच सांगितले आहे, काम करा, फळाकडे पाहू नका! सगळे हसतात. सांगणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट काही नसते. तथापि त्या विनोदात एक मोठी गफलत लपलेली आहे, आणि आमच्या मते आपल्या धर्मग्रंथांची जी काही विटंबना शतकानुशतके झाली तिचे मूळ ह्याच गफलतीत आहे. वचन खरे असते, अर्थही बरोबर लावलेला असतो. फक्त ते कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे कोणी पाहत नाही.

गीता कोणाला सांगितली? रथाच्या मागे धावणाऱ्या पायदळाच्या शिपायाला सांगितली काय? ती सांगितली अर्जुनाला. तो राजपुत्र होता, सेनेतला सर्वांत समर्थ योद्धा होता, आणि त्याच्या हो-नाहीवर हजारोंचे जगणे-मरणे लोंबकळत होते. अशा माणसाला भगवंत म्हणतात की, तू फळाची आसक्ती सोड. आणि पुढे तिसऱ्या अध्यायात त्याला जनकाचे उदाहरण देतात, श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर वागतात ह्याची आठवण देतात, आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणतात की, मला मिळवायचे काही उरलेले नसताही मी कामात आहेच. आता हे बोलणारा त्या क्षणी कोण आहे? तो सारथी आहे. घोड्यांचे लगाम त्याच्या हातात आहेत. द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, घोडे थकून व्याकूळ झाले तेव्हा ऐन रणात श्रीकृष्णांनी ते सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मग पुन्हा जुंपले. वाहनांच्या ह्या नगरीत ती कथा कोणी कीर्तनात का लावीत नाही कोण जाणे! सांगायचे ते असे की, निष्काम कर्माचा उपदेश करणाऱ्याने स्वतः घोडे धुतले होते.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाने कर्मयोग घरोघर नेला हे आपण जाणतोच. परंतु एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस काम बंद करून रस्त्यावर आले होते. कर्मयोगाच्या ह्या भाष्यकारासाठी ज्यांनी आपली सहा दिवसांची रोजी सोडली, त्या माणसांना फळाच्या आशेविषयी धडा द्यायला आम्ही कोण?

त्याग करायला सांगितला आहे तो स्वतःच्या फळाचा. दुसऱ्याच्या फळाचा त्याग आपण परस्पर करून टाकावा असे गीतेत कोठेही नाही. आणि ह्याचा सर्वांत सुंदर दाखला इथून दोन-तीन कोसांवर आहे. तुकोबांचे घराणे वाण्याचे, दुकानदारीचे, सावकारीचेही. दुष्काळाने घर धुऊन नेले, बायको गेली, मन संसारातून उठले. तेव्हा कर्जरोखे इंद्रायणीत बुडविल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण चरित्रपरंपरा जे सांगते ते नीट ऐका. तुकोबांनी रोख्यांचे दोन वाटे केले. धाकटे भाऊ कान्होबा ह्यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला, आणि आपला अर्धा तेवढाच नदीत सोडला. त्या क्षणी वैराग्य किती उफाळलेले असेल! सगळेच गाठोडे पाण्यात लोटणे किती सोपे होते! पण भावाच्या संसारावर आपले वैराग्य लादण्याचा हक्क आपल्याला नाही हे त्या माणसाला कळत होते. रोखे बुडविल्याचे कौतुक सगळे करतात. वाटे केल्याचे कौतुक कोणी केलेले आमच्या ऐकिवात नाही.

ह्याच चिंचवडचे दामोदरपंत चापेकर १८९८ च्या एप्रिलात येरवड्यास फाशी गेले, तेव्हा त्यांच्या हातात गीता होती असे सांगतात. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतील. परंतु फळाची आशा सोडल्याचे म्हणायचे तर त्या हातात ते पुस्तक शोभते, कारण तिथे जे गमवायचे होते ते स्वतःचे होते.

आता आम्ही आमच्या मुख्य विषयाकडे येतो. रोजच्या जीवनास उपयोगी असे महाभारतातले एकच प्रकरण सांगा म्हणाल, तर आम्ही गीतेकडे बोट न दाखविता सभापर्वाकडे दाखवू. मयासुराने चौदा महिने खपून पांडवांना ती आश्चर्यकारक सभा बांधून दिली. नवी इमारत, नवे वैभव; आजच्या भाषेत म्हणायचे तर नव्या प्रकल्पाचे उद्घाटन नुकतेच झालेले. अशा वेळी पाहुणे येतात ते स्तुती करायला. नारद आले, बसले, आणि त्यांनी युधिष्ठिराला प्रश्न विचारायला सुरुवात केली. 'कच्चित्' ह्या एका शब्दाने एकामागून एक प्रश्न सुरू होतात. कच्चित् म्हणजे, 'असे आहे ना रे बाबा?' विचारणाऱ्याला उत्तर 'होय' असेच यावे अशी आशा आहे, पण खात्री नाही, असा तो शब्द आहे. मराठीत त्याला जोडीचा शब्द आम्हांस सापडत नाही.

काय विचारतात नारद? तू मोक्षाचा विचार करतोस ना, असे विचारीत नाहीत. ते विचारतात : तुझ्या चाकरीतल्या सैन्याला अन्न आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना? लांबणीवर टाकीत नाहीस ना? आणि लगेच कारण सांगतात की, पगार लांबला म्हणजे हलाखीने गांजलेली माणसे धन्यावर चिडतात, आणि त्यातून मोठा अनर्थ होतो. चिडणे हा त्यांचा दुर्गुण म्हणून सांगितलेला नाही, हे ध्यानात घ्या. हलाखी हे कारण दिले आहे. हाच प्रश्न रामायणात अयोध्याकांडात आहे. चित्रकूटावर भरत भेटायला येतो तेव्हा वनवासी राम त्याला जे एकेक विचारतो त्यात वेतनाची चौकशी आहे. बाप गेल्याचे अजून ज्याला कळलेले नाही असा मुलगा, रडत आलेल्या भावाला जवळ घेऊन विचारतो, लोकांचे पगार वेळेवर होतात ना! पहिल्या वाचनात आम्हांला हे मोठे विचित्र वाटले होते. आता वाटत नाही. महिन्याच्या दहा-बारा तारखेपर्यंत पगार झाला नाही म्हणजे खोलीभाड्याचे, दूधवाल्याचे आणि शाळेच्या फीचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला राज्याच्या कुशलाची पहिली खूण कोणती हे सांगावे लागत नाही.

नारद पुढे विचारतात : सर्व कारागिरांना सामग्री आणि हत्यारे, निदान चार महिने पुरतील इतकी, नेमाने पुरवितोस ना? केलेल्या कामाची जाण ठेवतोस ना? करणाऱ्याची चारचौघांत वाखाणणी करतोस ना? शेतकरी अडचणीत आला तर त्याला बी आणि सवलतीचे कर्ज देतोस ना? ठिकठिकाणी तळी भरलेली आहेत ना, की शेती नुसती पावसाच्या भरवशावर सोडली आहेस? खर्च उत्पन्नाच्या आत राहतो ना? आणि ह्या यादीत, जाता जाता, मद्य, द्यूत, खेळ ह्यांपायी होणाऱ्या खर्चाचीही विचारपूस आहे. द्यूत हा शब्द तिथे आहे, हे आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

आणखी दोन प्रश्न आहेत. आंधळे, मुके, पांगळे, अवयव गमावलेले, ज्यांना कोणी नाही अशांना तू बापासारखा सांभाळतोस ना? आणि तुझ्या कामासाठी जी माणसे मेली, किंवा संकटात पडली, त्यांच्या बायकांना पोसतोस ना?

ह्या दोन प्रश्नांपाशी आपल्या औद्योगिक पट्ट्याला थोडे थांबावे लागेल. सुट्या भागांचे लहान लहान कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांत पॉवर प्रेस आहेत. पत्रा आत सरकवायचा, पाय दाबायचा, हात काढून घ्यायचा. दिवसातून हजारो वेळा. गार्ड बसविला तर वेग थोडा कमी होतो, म्हणून तो काढून ठेवतात. सेन्सर बिघडला तर 'उद्या बघू' होते. आणि मग एखाद्या दिवशी, बहुतेक पाळी संपत आलेली असताना, हात काढायला अर्धा क्षण उशीर होतो. ज्यांची बोटे गेली अशी माणसे ह्या सभागृहातही असतील. त्यांची क्षमा मागून आम्ही हे बोलत आहो. खंडेनवमीला आपण त्याच प्रेसला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. आम्ही त्या पूजेची थट्टा करीत नाही. हत्यार पुजण्यात आपल्या लोकांची एक फार चांगली जाणीव आहे. पण यंत्राला माळ आणि माणसाला गार्ड, ह्यांपैकी एकच परवडत असेल तर नारदांनी कोणते विचारले असते?

इथे एक इशारा दिला पाहिजे. अशी स्थळे दाखविली की आपल्यातले काही लोक हर्षभरित होऊन म्हणतात, पाहा, कामगार कायदे आमच्याकडे तीन हजार वर्षांपूर्वीच होते! तसे ते मुळीच नव्हते. नारदांनी प्रश्न विचारला, आणि युधिष्ठिराने नम्रपणे सांगितले की, आपण म्हणता तसेच वागेन. तिथे प्रकरण संपले. सैनिकाला पगार मिळाला नाही तर त्याने कोठे जावे ह्याचे उत्तर त्या अध्यायात नाही. ते उत्तर यायला फार काळ लागला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. वेतनाच्या १९३६ च्या कायद्याने पगाराचा दिवस आकड्यांत लिहिला, हजारांखाली कामगार असतील तिथे महिना उलटल्यावर सात दिवसांत, त्याहून मोठ्या ठिकाणी दहा दिवसांत. कायद्यामागे न्यायालय असते. नारदांच्या मागे फक्त वीणा होती. पण कायदा आणि नारद ह्यांचे एका गोष्टीत एकमत आहे. दोघेही प्रश्न वरच्याला विचारतात.

युधिष्ठिराच्या त्या 'होय'चे पुढे काय झाले हे आपण जाणता. त्याच पर्वाच्या उत्तरार्धात हस्तिनापुरास दुसरी एक सभा आहे. तिथे ह्याच धर्मराजाने राज्य लावले, भाऊ लावले, स्वतःला लावले, आणि अखेर द्रौपदीला पणाला लावले. तिथेही एक प्रश्न विचारला गेला : धर्मराज आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला त्याला मला पणाला लावण्याचा हक्क उरतो काय? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. द्रोण गप्प, कृप गप्प. कौरवांपैकी विकर्ण नावाचा एक धाकटा तेवढा उठला आणि म्हणाला की, हिचे म्हणणे बरोबर आहे. त्याला खाली बसविण्यात आले. पहिल्या सभेतले प्रश्न देवर्षीने विचारले म्हणून राजाने मान लववून ऐकले. दुसऱ्या सभेतला प्रश्न केस धरून ओढत आणलेल्या बाईने विचारला, आणि शास्त्र जाणणाऱ्या वृद्धांना शास्त्र आठवेना. महाभारत आम्हांला जर कशासाठी आदरणीय वाटत असेल, तर त्याने ही दुसरी सभा झाकून ठेवली नाही ह्यासाठी.

आता कारखान्यातून घरात येऊ. वनपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. झाडाखाली वेदपाठ करीत असता वरून बगळीने अंगावर घाण टाकली. ह्याने रागाने वर पाहिले, ती मरून पडली. नंतर तो एका घरी भिक्षेला गेला. घरधनीण म्हणाली, थांबा. तेवढ्यात तिचा नवरा भुकेला घरी आला; त्याचे जेवणखाण होईपर्यंत हा दारातच उभा. तो संतापला. तेव्हा ती बाहेर येऊन शांतपणे म्हणाली की, रागाने जळून जायला मी काही बगळी नव्हे. आणि धर्म काय ते तुला अजून कळलेले नाही, मिथिलेस जा, तिथे एक खाटीक आहे त्याला विचार, असे तिनेच त्याला सांगितले.

ही कथा आजवर कोणाला ऐकविली गेली? बायकांना. पतिसेवेचा महिमा म्हणून, हळदीकुंकवाच्या पुराणात. परंतु कथेत शिकणारा कोण आहे? ती नव्हे. तिला जे कळायचे ते कळलेले आहेच. शिकणारा आहे तो दारात उभा असलेला विद्वान पुरुष, ज्याला दोन मिनिटे थांबवत नाही. बायको पहिल्या पाळीला तळवड्याच्या कारखान्यात जाऊन, परत येऊन पुन्हा चुलीपाशी उभी राहते, आणि आम्ही टीव्हीसमोर बसून चहाला उशीर का झाला म्हणून विचारतो. त्या घरात कौशिक कोण, हे सांगायला शास्त्री लागत नाही.

पुढे तो मिथिलेला गेला. धर्मव्याध मांसाच्या दुकानात विक्री करीत होता. दुकान झाल्यावर त्याने कौशिकाला घरी नेले, आपले म्हातारे आईबाप दाखविले, आणि धर्माच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्यावर जे सांगितले ते असे की, तू वेद शिकायला म्हणून आईबापांना न विचारता निघून आलास, ती दोघे तुझ्यासाठी झुरत आहेत, आधी घरी जा. इथे बीड, लातूर, जळगाव, बुलढाणा अशा ठिकाणांहून आलेले किती तरी तरुण आहेत. ते पोटासाठी आले, कौशिकासारखे हौसेने नव्हे. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण फ्लॅट झाला, हप्ते सुरू झाले, आणि गावी बसलेली म्हातारी फोनची वाट पाहते, ही गोष्टही खरी आहे. ह्याविषयी अधिक बोलणे आम्हांस अवघड वाटते. ज्याचे त्याला ठाऊक.

इथवर आमचे म्हणणे असे झाले की, आपल्या महाकाव्यांत उत्तम उपदेश वरच्याला केलेला आढळतो. आपण तो खालच्याला करतो. पण कोणी श्रोता उठून विचारील, आणि विचारावेच, की हे सर्वत्र खरे आहे काय? नाही. सर्वत्र खरे नाही. उत्तरकांडात शंबूक तप करतो म्हणून राजा त्याचे मस्तक उडवितो. उत्तरकांड मागाहूनचे असे पुष्कळ विद्वान मानतात. पण वाचणाऱ्यांनी ते शतकानुशतके मूळचे म्हणूनच वाचले. आदिपर्वात द्रोण एकलव्याचा अंगठा मागतात. बोटांची गोष्ट मघाशी निघालीच होती. तिथे गुरू वर, शिष्य खाली, आणि त्याग मात्र खालच्याने करायचा. मनुस्मृतीत तर असली वचने ढिगांनी आहेत. ती प्रक्षिप्त आहेत, तिचा खरा अर्थ निराळा आहे, अशी वकिली आम्ही करणार नाही. ज्यांना त्या वचनांचा चटका बसला त्यांनी अर्थ अचूक ओळखला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहात ती जाळली गेली. आणि पुढे १९५४ साली, त्याच तारखेस, त्यांनी इथे देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तुकोबांच्या गावापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. ज्या माणसांनी उठून दुसऱ्या दाराने जाणे पत्करले त्यांनी आपल्याला एक प्रश्नच विचारला आहे, आणि हस्तिनापुरच्या सभेप्रमाणे आपण त्याला सूक्ष्म गतीचे उत्तर देऊन चालणार नाही.

चोखोबांची आठवण इथे येते. मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर त्यांना नेले होते. कूस ढासळले, आणि खाली काम करणारी माणसे त्याखाली गाडली गेली, त्यांत चोखोबा गेले. हे १३३८ साली झाले असे मानतात. पुढे त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला म्हणून नामदेवांनी त्या ओळखल्या आणि पंढरपुरास महाद्वारापाशी समाधी बांधली, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. डोळे भरून येतात. पण त्या ढिगाऱ्याखाली बाकीची जी माणसे होती त्यांची नावे कोणाजवळ आहेत? त्यांच्या बायकांना कोणी पोसले? नारदांचा प्रश्न तिथे विचारायला कोणी नव्हते. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्कामाला येते, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेकडेने चिंचवड, पिंपरी करीत पुढे जाते, आणि तिच्यातले वारकरी शेवटी त्याच समाधीवरून पुढे जाऊन विठ्ठलाला भेटतात.

वेळ संपत आला. एक शेवटची कथा सांगून थांबतो. शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी जटेत घरटे केले, अंडी घातली, पिले उडून गेली, तरी हा हलला नाही. मग म्हणाला, धर्म मला साधला. आकाशवाणी झाली की, काशीच्या तुलाधाराची सर तुला येणार नाही. जाजली शोधीत काशीस गेला, तो तुलाधार दुकानात माल विकीत बसलेला. तो कशाचे मोठेपण सांगतो? एवढेच की, माझा तराजू सगळ्यांना सारखा. मी फसवून घेत नाही आणि फसवून देत नाही. आणि मग एक गोष्ट तो अशी बोलतो की ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो होतो. माणसे माणसांनाच दास करून वापरतात, मारतात, बांधतात आणि त्यांच्याकडून रात्रंदिवस काम करवून घेतात, असे तो दुकानदार त्या तपस्व्याला सांगतो. तराजू धरणाऱ्याला मालाचे वजन दिसते, तसे त्या मालामागच्या माणसाचेही दिसते.

चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात तराजू म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. काट्यावरची क्विंटलमागे दोन किलोंची घट कोणाच्या घरातून जाते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. कारखान्यात तराजूची जागा गेजने घेतली. महिनाअखेर असते, गाडी दारात उभी असते, माल रवाना व्हायचा असतो, आणि तपासणीच्या टेबलावर काही महिन्यांच्या करारावर लागलेला एखादा विशीतला मुलगा बसलेला असतो. गेज आत जात नाही. मागून आवाज येतो, 'टाक पास करून, एवढे चालते.' तो पार्ट उद्या कोणाच्या तरी ब्रेकमध्ये बसणार आहे. पुढे तक्रार आली की त्या मुलाला बोलावून प्रामाणिकपणावर व्याख्यान दिले जाते. तुलाधाराचे नाव घेऊन ते व्याख्यान द्यायचे असेल, तर तुलाधार दुकानाचा मालक होता एवढे लक्षात असू द्यावे.

जाजलीला अखेरीस तुलाधार म्हणाला की, मी सांगतो ते खरे की खोटे ह्याची खात्री तुला हवी असेल तर साक्षीला तुझ्याच जटेत जन्मलेल्या त्या पाखरांना बोलाव. इतके दिवस तुझ्या आश्रयाने ती राहिली आहेत. जाजलीने हाक मारली आणि पाखरे आली. ती काय बोलली हे शांतिपर्वात दिलेले आहे. अध्यक्षमहाराजांची घंटा झाली, तेव्हा तेवढे आपण घरी जाऊन वाचावे.